मावशीला गप्प करू नका: आमच्या मंडळीच्या पंचकमिटीला खुलं पत्र

मानाचे पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि पंचकमिटीतले सगळे,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र कमिटीच्या मीटिंगमध्ये द्यायला पाहिजे होतं, मला माहीत आहे, दोनदा दिलं पण होतं, एकदा म्हणे अजेंडा आधीच भरला होता आणि दुसऱ्यांदा वाचायला घेतलं तेवढ्यात चहा आला आणि विषय राहिला तो राहिलाच. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. कुणाचं नाव लिहीत नाही, मंडळीचंही नाही. बेळगावात आपण मराठी ख्रिस्ती असून असून असणार किती, ज्याला कळायचं त्याला कळतंय.

जुलैमध्ये आमची आई गेली. तुम्ही सगळे आला होता, छत्र्या घेऊन, चिखलातनं, त्याबद्दल उपकारच आहेत तुमचे, हे आधी लिहितो म्हणजे पुढचं वाचताना कुणी म्हणायला नको की ह्याला कुणाची किंमतच नाही. पाऊस असा लागला होता की कबर खणता खणता पाणी भरत होतं आणि दोन पोरं पत्र्याच्या डब्यानं उपसत होती. निपाणीहून माझी मावशी पहिल्या बसनं आली. आई आणि मावशी दोघी लग्नाआधी निपाणीत बिड्या वळायच्या, मांडीवर सूप घेऊन, एकमेकीला गुडघा लावून. आई थोरली, हात चपळ, तिचे हजार लवकर भरायचे, मावशीचे कायम पन्नास-साठ कमी पडायचे, मग आई आपल्यातल्या काढून तिच्या सुपात टाकायची, मालकाला कळू न देता. हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. मावशी दारातनं आत आली, आईचं तोंड बघितलं आणि हेल काढून रडायला लागली तेव्हा कळलं. "अक्का ग, माझ्या हजारात कमी पडल्या तर आता कोण घालणार ग, कुणाच्या सुपातनं घेऊ ग अक्का..."

आणि तुमच्यातल्याच एका पंचांनी, जवळ जाऊन, आवाज चढवून नाही, अगदी प्रेमानं सांगितलं, मावशी आपल्यात असं रडत नाहीत, ताई प्रभूकडे गेल्यात, आपण आनंद करायचा, शेजारची माणसं बघतायत, साक्ष बिघडते, म्हणजे आपल्या वागण्यातनं बाहेरच्यांना आपला विश्वास दिसतो तो बिघडतो.

मावशी गप्प झाली. पदराचा बोळा तोंडात धरून बसली. दफन होईपर्यंत तिच्या तोंडातनं शब्द नाही, नुसत्या उचक्या. त्यानंतर तीनदा फोन केला मी, ऐतवारी ये, भक्तीला जाऊया, तर म्हणते नको रे बाबा, तुमच्यात मला नीट वागता येत नाही. तुमच्यात! बाप्तिस्मा घेऊन साठ वर्षं झाली तिला.

पंधरा दिवसांनी ग्रुपवर सूचना आली. यापुढे मयताच्या घरी "जीवनाचा उत्सव" अशी भक्ती होईल, ऐतवारच्या भक्तीत फक्त स्तुतीची गायनं घ्यावीत, विलापाची आणि दुःखाची गायनं गुड फ्रायडेपुरती ठेवावीत. वर नहेम्याचा ८ वा अध्याय, १० वं वचन, दुःख करू नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ.

मी उद्यमबागला फाउंड्रीत मोल्डिंगला आहे, शास्त्री नाही, सेमिनरी लांबून पण बघितली नाही. खरं सेकंड शिफ्ट करून आल्यावर झोप येत नव्हती त्या दिवसांत, म्हणून नहेम्या काढून बसलो, म्हटलं बघूया तरी काय लिहिलंय. आणि पुढं वाचत गेलो, बास, एवढंच केलं.

तर तिथं काय होतं, लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलेत, सातव्या महिन्याचा पहिला दिवस, एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय, आणि ते ऐकून सगळे रडायला लागतात. तेव्हा त्यांचा अधिकारी नहेम्या, एज्रा आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, सांगतात की आज रडू नका, आजचा दिवस पवित्र आहे, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाढून पाठवा. (हे शेवटचं वाढून पाठवायचं आपल्या सूचनेत कुठं आलेलं नाही, असो.) लोक ऐकतात. पंधराव्या दिवसापासून मांडवांचा सण, झाडांच्या फांद्या आणून घराच्या माळवदावर मांडव घालतात, खूप मोठा आनंद होतो असं लिहिलंय. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

मग पान उलटा. ९ वा अध्याय, पहिलंच वचन. त्याच महिन्याचा २४ वा दिवस. तेच लोक परत जमलेत, उपास करून, अंगावर गोणपाट, डोक्यावर माती. दिवसाचा चौथा हिस्सा शास्त्र वाचतात आणि चौथा हिस्सा पापं कबूल करत नमन करतात. म्हणजे पहिल्या तारखेला जे रडणं थांबवलं त्याला २४ तारखेला रीतसर जागा दिली, अख्खी मंडळी बोलावून, लेवी लोकांना उभं करून. नहेम्यानं रडण्याची तारीख पुढं ढकलली होती हो, रद्द केली नव्हती. ते रडणं पापासाठी होतं, मयतासाठी नव्हतं, एवढं मलाही कळतं. खरं तुम्ही ज्या वचनावर सूचना काढली त्या वचनानंतर २३ दिवसांनी काय झालं एवढं तर बघायचं होतं. आमच्या मावशीला तुम्ही कुठली तारीख दिली? ती निपाणीला वाट बघत बसलीय.

दुसरं एक वचन पंच त्या दिवशी कबरीजवळ बोलले, थेस्सलनीकाच्या पहिल्या पत्रातलं, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. आता हे वाक्य जसं आहे तसं घ्या की. आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतोय ते पत्र लिहिणारा पौल. मग आशा असलेल्यांसारखा करायचा कसा, ते कोण शिकवणार? यिर्मयाच्या ९ व्या अध्यायात परमेश्वर स्वतः सांगतो, विलाप करणाऱ्या बायकांना बोलवा, त्यातल्या हुशार बायकांना निरोप धाडा, आणि बायकांनो, आपल्या मुलींना विलाप शिकवा, शेजारणीला शोकगीत शिकवा. म्हणजे ही कला होती, शिकायची गोष्ट होती, आयांनी लेकींना द्यायची. मावशीनं जे हेल काढले त्यात ताल होता, अक्का शब्द दर ओळीला परत येत होता, मी नीट ऐकलंय. विलापगीताचं पुस्तक बघा, पाचातले पहिले चार अध्याय हिब्रू अक्षरांच्या ओळीनं बांधलेत, बावीस अक्षरं, एकेका अक्षरानं कडवं सुरू. शहर जळालेलं, मंदिर गेलेलं, आणि माणूस बसून अ आ इ लावून रडतोय. ते पुस्तक शास्त्रात आहे, आमच्या गायनांच्या यादीतनं मात्र बाहेर.

आता मला ज्या जागेनं सगळ्यात जास्त धरून ठेवलं ती सांगतो. एज्रा ३. बाबेलच्या बंदिवासातनं परत आलेले लोक यरुशलेमेत नव्या मंदिराचा पाया घालतायत. याजक कर्णे वाजवतायत, आसाफाची पोरं झांजा वाजवतायत, परमेश्वर चांगला आहे, त्याची दया सनातन आहे म्हणून गातायत, सगळे मोठ्यानं ओरडतायत. आणि त्याच गर्दीत म्हातारे याजक आणि म्हातारे लेवी, ज्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी बघितलं होतं, ते हा पाया बघून मोठमोठ्यानं रडतात. पहिलं मंदिर पडलं इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराला, हा पाया घातला त्यानंतर साधारण पन्नास वर्षांनी, म्हणजे रडणारे साठीच्या पुढचेच असणार, लहानपणी बापाचा हात धरून जुन्या मंदिरात गेलेले. पुढं लिहिलंय की आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला हे लोकांना ओळखता येईना, आणि तो आवाज लांबपर्यंत ऐकू जात होता. बस. संपला अध्याय. त्यांचा पुढारी जरुब्बाबेल उठून म्हणाला नाही की आजोबा गप्प बसा, पायाभरणीला अपशकुन नको. उलट सोळा-एक वर्षांनी, दर्यावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, हाग्गय संदेष्टा उभा राहतो आणि काय विचारतो, तुमच्यात ज्यांनी आधीच्या मंदिराचं वैभव बघितलं असा कोण उरलाय, आता तुम्हाला हे कसं दिसतं, काहीच नसल्यासारखं ना? म्हाताऱ्यांचं रडणं देवानं सोळा वर्षं लक्षात ठेवलं होतं आणि हिंमत धरा म्हणायच्या आधी ते बोलून दाखवलं.

लांबपर्यंत ऐकू गेला म्हटल्यावर शेजाऱ्यांनी पण ऐकला असणार. त्यांची साक्ष बिघडली का?

शेजाऱ्यांचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या समोरच्या गल्लीतले माळकरी आजोबा गेले गेल्या साली, पंढरीची वारी चुकवली नाही कधी असा माणूस. पुढं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन ज्ञानबा-तुकाराम म्हणत चाललंय, मधे तिरडी, आणि मागं ओट्यावर बायका छाती बडवून रडतायत. त्यांचे धाकटे भाऊ पुढं टाळ वाजवत होते. सत्तरीचा माणूस, डोळ्यांतनं धार, टाळ एकदाही चुकला नाही. कुणी त्यांना म्हणालं नाही की एक काहीतरी करा, रडा नाहीतर वाजवा. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला एज्राच आठवला, खोटं कशाला सांगू. आणि आमच्या आईच्या वेळी त्याच घरातली काकू दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली आणि हळूच विचारते, तुमच्यात रडायला बंदी आहे का हो? ही साक्ष गेली आपली बाहेर.

बेळगावातल्या माणसाला हे काय शिकवायला लागतंय म्हणा. १ नोव्हेंबरला काय होतं इथं? १९५६ सालच्या त्याच तारखेला भाषावार राज्यं झाली आणि आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. त्या दिवशी एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे, राज्योत्सवाची मिरवणूक, डॉल्बी, आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या फिती लावून काळा दिवस. एकाच गावात, एकाच सकाळी. आमच्या कंपाउंडमधला कन्नड शेजारी त्या दिवशी होळीगी, म्हणजे पुरणपोळी, पाठवतो आणि माझे थोरले चुलते काळी फीत लावूनच ती खातात, चांगली झालीय म्हणतात. त्यात मी पडत नाही, कमिटीत दोन्हीकडची माणसं आहेत. एवढंच की दोन आवाज एका गावात ऐकायची आपल्या कानाला सवय आहे, चर्चच्या दारातच ती कुठं जाते कळत नाही.

आता माझी चूक. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही, आणि नाही लिहिलं तर घरात मुलगी मला खाईल.

दोन वर्षांपूर्वी तरुण संघानं कीबोर्ड, ड्रम आणला तेव्हा मागच्या बाकावर बसून शेरे मारणारा मी होतो. हे काय चर्च आहे का ऑर्केस्ट्रा, असं बोललो होतो, माझीच मुलगी कीबोर्डवर होती, तिला ऐकू गेलं, महिनाभर बोलली नाही माझ्याशी. त्याच्या नंतरच्या ऐतवारी पाळकसाहेबांनी २ शमुवेल ६ घेतलं, दावीद राजा कराराच्या कोशापुढं, म्हणजे देवाच्या पवित्र पेटीपुढं नाचतोय आणि त्याची बायको मीखल खिडकीतनं बघते आणि मनात त्याला तुच्छ मानते. मला वाटलं माझ्यावरच काढलंय. असेल पण.

खरं मीखलीवर प्रवचन सगळेच करतात, बिचारीचं मागचं कुणी सांगत नाही. तीन अध्याय मागं जा. तिला दाविदाकडनं काढून बापानं पलटीएलाला दिलेली होती, मग दाविदाला ती परत पाहिजे झाली, राजकारणासाठी, आणि तिला त्या घरातनं उचलून आणली. तो नवरा, पलटीएल, तिच्या मागनं रडत रडत बहूरीमपर्यंत चालत आला. तिथं शौलाचा सेनापती अबनेर त्याला म्हणाला, परत जा. आणि तो गेला. मीखल रडली का नाही हे लिहिलेलंच नाही. तिचा बाप शौल आणि तीन भाऊ गिलबोवा डोंगरावर मारले गेले होते, दाविदानं शौल आणि त्या भावांतल्या योनाथानासाठी केवढं सुंदर शोकगीत म्हटलं, सगळ्या यहूदाला शिकवायला लावलं, ते तिच्यापर्यंत पोचलं का तेही लिहिलेलं नाही. आणि खिडकीत ती उभी असते तेव्हा शास्त्र तिला दाविदाची बायको म्हणत नाही, शौलाची मुलगी म्हणतं. माझ्या डोक्यात हे बसलंय की जिच्या घरातल्या रडण्याला कुणीतरी परत जा म्हणून सांगितलं तिला दुसऱ्याचं नाचणं कसं सहन होणार? तिची चूक नाही असं म्हणत नाही मी. फक्त मीखल खिडकीत कशी आली ते बघा म्हणतो.

आणि दावीदही काही असाच नाचत नव्हता. त्याच कोशाला हात लावून उज्जा मेला होता, दाविदाला राग आला, भीती वाटली, तीन महिने कोश ओबेद-अदोमाच्या घरी ठेवून दिला, आत आणलाच नाही. त्यानंतरचं ते नाचणं आहे. तुम्ही ज्याला उत्सव म्हणता तो त्या तीन महिन्यांतनं आला.

उद्या कमिटीत कुणीतरी म्हणणार, अहो दाविदाचंच बघा की, आजारी बाळासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपास केला आणि बाळ गेल्यावर उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या मंदिरात गेला, जेवला. होय, केलं. नोकरांना पण कळेना हे काय. खरं त्याच दाविदाचा, बापाविरुद्ध बंड केलेला मुलगा अबशालोम लढाईत मेला तेव्हा वेशीवरच्या माडीत चढून बेटा अबशालोम, बेटा अबशालोम करत होता आणि जिंकून आलेलं सैन्य चोरासारखं गावात शिरत होतं. त्याचा सेनापती यवाबानं येऊन झापलं त्याला, बाहेर या, माणसांशी बोला, नाहीतर रात्रीपर्यंत एक माणूस राहणार नाही. यवाबाचं बरोबर होतं, राज्य सांभाळायचं तर बरोबरच होतं, मलाही घर सांभाळायला तिसऱ्या दिवशी कामावर जावं लागलं. खरं यवाबाच्या त्या बोलण्यावर कुणी मंडळीचा नियम बनवलेला माझ्या वाचनात नाही. एकाच माणसाची दोन मुलं आणि दोन तऱ्हा, शास्त्रानं दोन्ही ठेवल्या, एक खोडली नाही.

उलटी बाजू पण आहे, तीही सांगतो, म्हणजे मी नुसता रडव्या आहे असं वाटायला नको. यशया २२ मध्ये परमेश्वर म्हणतो, मी रडायला बोलावलं, डोकं भादरायला, गोणपाट नेसायला बोलावलं, आणि तुम्ही बैल कापताय, मेंढरं कापताय, दारू पिताय, खाऊया पिऊया, उद्या मरायचंच आहे. म्हणजे आनंद केला की देव खूश असं काही नाही. आणि प्रभूनं बाजारातल्या पोरांचं सांगितलं ते ऐका, पोरं लग्न-लग्न खेळतायत, पावा वाजवला तर तुम्ही नाचला नाही, मग मयत-मयत खेळली, विलाप केला तर तुम्ही ऊर बडवला नाही. दोन्ही खेळांना नाहीच म्हणणारी माणसं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेळाला मी नाही म्हटलं, आता दुसऱ्याला तुम्ही म्हणताय. आपण सारखेच झालो की हो.

आणि बेथानीला काय झालं ते तुम्हाला मी सांगायचं म्हणजे अतीच आहे, तरी सांगतो. मरीयेचा भाऊ लाजर, त्याला कबरीत चार दिवस झालेले, आता दोन मिनिटांत तो चालत बाहेर येणार आहे हे येशूला माहीत आहे, दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. तरी मरीयेला रडताना बघून, तिच्याबरोबर आलेल्यांना रडताना बघून, येशू रडला. दोन शब्दांचं वचन, संडे स्कूलमध्ये पाठांतर नसलेली पोरं हेच म्हणायची, आम्हीही म्हणायचो, चटकन संपतंय म्हणून. बघणारे शेजारी काय म्हणाले? पाहा, ह्याची त्याच्यावर किती माया होती. साक्ष बिघडली असं कुणी म्हटलं नाही, एक-दोघे कुरकुरले ते वेगळ्या कारणानं.

तर माझं मागणं असं आहे. सूचना मागे घ्या, पुरी घ्यायची नसेल तर निदान मयताच्या घराचं कलम काढा, मयताच्या घरी काय करायचं ते त्या घराला ठरवू द्या, कुणाला उत्सव करायचा असेल तर करू द्या, माझी हरकत नाही. ऐतवारच्या भक्तीत एखादं स्तोत्र दुःखाचं असू द्या, दीडशे स्तोत्रांतली जवळपास एक तृतीयांश तसलीच आहेत, निवडायला त्रास पडणार नाही. ८८ वं घेतलं तर आणखी चांगलं, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटाला जबरदस्तीनं हालेलूया जोडलेलं नाही. ड्रम बंद करा असं मी म्हणत नाही, मुलीला विचारलंय, ती म्हणते पप्पा त्याला नुसता कीबोर्ड पुरे, हळू वाजवते मी. आणि ज्या पंचांनी मावशीला गप्प केलं त्यांनी एकदा निपाणीला जाऊन यावं, माझ्याबरोबर, माझ्या गाडीवर, माफी मागायला नको, नुसतं बसावं आणि बिड्यांचं विचारावं, ती बोलायला लागली की दोन तास थांबत नाही.

त्याआधी मी तिला आणायचं ठरवलंय, येत्या ऐतवारी. शनिवारी संध्याकाळच्या बसनं येईल, माझ्याकडे मुक्काम. ऐतवारी साडेआठची रिक्षा सांगून ठेवलीय. पुढच्या बाकावर दोन जागा राखून ठेवा, खिडकीकडच्या, पंख्याखालच्या नकोत, तिला वारं सोसत नाही.

आपला,
मंडळीतलाच एक, मागच्या बाकावरचा